मैफलीविना आलेला अल्बम: ग्लासगोचा 'स्ट्राटा'

आज ग्लासगोला जायचंय. म्हणजे कानांनीच, मार्च २०२१मध्ये दुसरं कुठलं जाणं शक्य होतं?

ग्रॅहम कॉस्टेलो हा ड्रमर. त्याच्या 'स्ट्राटा' या बँडचा 'सेकंड लाइव्ज' हा अल्बम तेव्हा आला, २०१९च्या 'ओबेलिस्क'नंतरचा. सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन, पियानो ही वाद्यं जॅझची. पण गिटार आणि ड्रम्स अगदी रॉकच्या ताकदीने वाजतात.

खरं तर हे संगीत छोट्या, खच्चून भरलेल्या क्लबमध्ये घाम गाळत ऐकायचं. आणि स्कॉटलंडमधले क्लब तेव्हा वर्षभर बंद होते. एरवी असा अल्बम म्हणजे मैफल संपल्यावर घरी न्यायची आठवण. त्या वेळी मैफलच नव्हती, त्यामुळे सगळा भार रेकॉर्डिंगवर. हेडफोन लावून घरात बसल्यावर हे टिकेल का, एवढंच मला बघायचं होतं.

टिकतं हो! कारण यांचा जोर नुसत्या आवाजात नाही. एक छोटीशी सुरावट पकडतात आणि सोडतच नाहीत. तीच, परत तीच. खाली ड्रम्स हळूहळू वजन वाढवत नेतात, आणि मग सगळे एकदम तुटून पडतात. तोवर आपण खुर्चीच्या कडेवर आलेलो असतो.

फर्गस मॅक्रीडीचा पियानो मुद्दाम ऐका. त्याच्या स्वतःच्या त्रयीचा 'केर्न' जानेवारी २०२१मध्येच आला. तिथे तो स्कॉटिश लोकसंगीताच्या वळणाने वाजवतो. इथे तोच माणूस त्याच त्या सुरावटीवर घाव घालत बसतो. ट्रॉम्बोनवाला लियम शॉर्टाल 'कॉर्टो आल्टो' नावाने स्वतःचं वेगळंच काहीतरी करतो. ग्लासगोत हे असंच, सगळे एकमेकांच्या बँडमध्ये!

एक तक्रार आहे. शांत सुरुवात, चढण, स्फोट हा साचा तिसऱ्या-चौथ्यांदा आधीच ओळखू येतो. म्हणून सलग ऐकू नका; दोन-दोन ट्रॅक घ्या. सुरुवात 'युडेमोनिया'ने करा, आणि मोबाइलच्या स्पीकरवर तर अजिबात नको, बास गायब होतो.

आवडला तर विकत घ्या. तेव्हा मैफली नव्हत्या म्हणजे तिकिटांचे पैसेही नव्हते. बँडकॅम्प २०२१मध्ये काही महिन्यांच्या पहिल्या शुक्रवारी आपला वाटा सोडत असे.