दमट उकाड्यातले घर

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी मला रुळांच्या देखभालीवर बोलायला सांगितले होते. देखभालीवरच बोलतो, पण घरातल्या. 2023 पासून माझी आई पक्षाघाताने अंथरुणाला खिळून आहे. डावी बाजू गेली आहे, बोलणे अडखळते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे कोणी वडीलधारे आहे, म्हणून हा विषय घेतला.

आम्ही मूळचे नागपूरचे. उन्हाळा कसा काढायचा हे नागपूरकराला शिकवावे लागत नाही. सकाळी नऊला दारेखिडक्या बंद, कूलरला वाळ्याच्या ताट्या, माठाचे पाणी, कैरीचे पन्हे, बाहेर जाताना खिशात कांदा. हे सगळे आम्हाला आईनेच शिकवले. साहजिकच इथे आल्यावर तिचा पहिला हट्ट कूलरचा. "छत्तीसच तर आहे," असे ती म्हणे, "आपल्याकडे पंचेचाळीस असते."

मी दोन साधे तापमापक आणले आणि एकाच्या फुग्याला मलमलची ओली चिंधी गुंडाळली. पाणी वाळताना उष्णता ओढून घेते, त्यामुळे ओला तापमापक कमी आकडा दाखवतो. घामाने अंग गार होण्याचे गणित हेच. घाम येतो म्हणून गारवा मिळत नाही, तो वाळतो म्हणून मिळतो. नागपुरात 45 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल तर ओला तापमापक 24 च्या आसपास राहतो. कोलकात्यात 36 अंश आणि 65 टक्के असेल तर तो 30 वर जातो. हा ओला आकडा 35 झाला तर धडधाकट माणूसही सावलीत बसून फार तास तग धरू शकत नाही, असे शास्त्रज्ञ मानतात. म्हाताऱ्या माणसाची मर्यादा बरीच अलीकडे असते. अशा हवेत कूलर लावणे म्हणजे खोलीत आणखी वाफ सोडणे. आईने दोन्ही आकडे पाहिले आणि कूलरचा विषय संपला.

30 एप्रिल 2024 रोजी कोलकात्यात 43 अंश तापमान नोंदले गेले, ते सर्वांच्या लक्षात आहे. आमच्या आईला मात्र त्यापेक्षा जूनमधल्या 35 अंशांचा त्रास जास्त झाला. बंगाली शेजारी त्याला 'भ्याप्शा गरम' म्हणतात. भाद्रपदातल्या उकाड्याला तर 'ताल पाका गरम', म्हणजे ताडाची फळे पिकवणारा, असे नाव आहे. गणपतीच्या मांडवात आपण दरवर्षी तो भोगतोच.

आम्हा रेल्वेवाल्यांचा एक नियम आहे. लांब वेल्ड केलेल्या रुळाचे ताणमुक्त तापमान ठरलेले असते. रूळ त्याच्या 20 अंश वर तापला की गस्त सुरू करायची, रूळ वाकण्याची वाट पाहायची नाही. घरात आम्ही तेच केले. दर दोन तासांनी आईची कूस बदलायची, पाठ आणि टाचा पाहायच्या, काखेतला आणि मानेच्या वळ्यांतला घाम टिपायचा. पावडर थापायची नाही, घामात तिचा चिखल होतो. हवेच्या गादीच्या प्लॅस्टिकवर सुती चादर हवीच, नाहीतर पाठ उकडून निघते. वयाबरोबर घामही कमी येतो, म्हणून ओल्या फडक्याने अंग पुसून मग पंखा लावायचा.

तहानेचेही तसेच. म्हातारपणी ती मंदावते, त्यामुळे आई पाणी मागतच नाही. एका वहीत आम्ही वेळ, किती पाणी पोटात गेले, लघवी किती वेळा आणि कोणत्या रंगाची, असे लिहितो. सरबत किती द्यायचे, मीठ किती, हे रक्तदाबाच्या आणि लघवीच्या गोळ्या पाहून डॉक्टरांनाच विचारावे. मीठ-साखरेच्या पाण्याबद्दल मात्र या शहरात राहणाऱ्यांनी एक गोष्ट माहीत ठेवावी. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आले, तेव्हा कोलकात्याच्या डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे पाणी पिंपांतून वाटले आणि नातेवाइकांनाच ते पाजायला लावले. मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. डॉक्टरसाहेब 2022 मध्ये गेले. पद्मविभूषण मिळाले ते मरणोत्तर, 2023 मध्ये.

त्या छावणीत काम केले ते घरच्या माणसांनी, आणि आपल्या घरांतही चित्र वेगळे नाही. आमच्याकडे दिवसा एक आया येते. कॅनिंग लोकलने, पहाटे निघून. रात्रीची पाळी सौभाग्यवतीची. मी लाइनवर असतो, दुपारीही आणि पुष्कळदा रात्रीही. गेल्या मे महिन्यात स्वयंपाकघरात ओट्यापाशी सौ.ला भोवळ आली. आईच्या वहीत त्या दिवसाचे सगळे रकाने भरलेले होते. सौ. सकाळपासून किती पाणी प्यायली, रात्री किती तास झोपली, याला वहीत रकानाच नव्हता.

आता वहीत तीन रकाने आहेत, आईचा, सौ.चा आणि आयाबाईंचा. स्वयंपाक सकाळी आठच्या आत उरकतो. दुपारी ताकभात किंवा आयाबाईंच्या पद्धतीचा पांता भात, म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला भात. आईला तो देत नाही, आम्हीच खातो. घरात एकच एसी आहे, तो आईच्या खोलीत 27 वर. दुपारी आयाबाई तिथेच जमिनीवर आडव्या होतात. काही पाहुण्यांना हे खटकते; खटको. शनिवारी आणि रविवारी रात्रीची पाळी माझी.

भोवळीची बातमी कळल्यावर नागपूरहून धाकट्या भावाचा फोन आला. पुढचे एप्रिल ते जून आईला त्याच्याकडे ठेवायचे. ओल्या तापमापकाच्या हिशेबाने त्याचे बरोबर आहे, कूलर तिथे खरोखर चालतो. अर्थात वीज गेली की 45 अंशांची झळही म्हाताऱ्या माणसाला सोडत नाही, म्हणून इन्व्हर्टरची अट मी घातली आहे. आई फोनवरचे सगळे ऐकत होती. बराच वेळ ओठ हलवून तिने दोनच शब्द काढले, "वही... ने."

हावडा-मुंबई मेलने जायचे ठरते आहे. वहीच्या पानांची झेरॉक्स भावाला पाठवली आहे. पाठवण्यापूर्वी सौ.ने पट्टीने एक रकाना आखला आणि त्यावर आमच्या भावजयीचे नाव लिहिले.