जळक्या तेलाची तिसरी वाट



शनिवार-रविवारी राजोडीच्या किनाऱ्यावर गर्दी लोटते. रव्यात घोळलेले बोंबील, सुरमईच्या तुकड्या, भजी असा घाण्यामागून घाणा कढईत उतरतो. रात्री उरतं ते काळपट, चिकट तेल. तळाशी करपलेला रवा, वर न विरणारा फेस.

अशा तेलाला सहसा दोनच वाटा फुटतात. एक मोरीतून गटारात आणि तिथून खाडीत. दुसरी त्याहून वाईट: ते स्वस्तात विकलं जातं आणि पुन्हा कुणाच्या तरी वड्यांसाठी तापतं. वारंवार तापलेल्या तेलात ध्रुवीय संयुगं वाढतात. ती २५ टक्क्यांवर गेली की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही, असा नियम जुलै २०१८पासून आहे.

तिसरी वाट डिझेलच्या टाकीकडे जाते. तेल गाळून, पाणी उडवून, साठेक अंशांवर मिथेनॉल आणि थोड्या कॉस्टिकबरोबर घुसळलं की ग्लिसरीन खाली बसतं आणि वर पातळ बायोडिझेल येतं. पाणी राहिलं तर साबण होतो. मिथेनॉल विषारी आणि पटकन पेट घेणारं, तेव्हा हे काम कारखान्याचंच. घरी कुणी करू नये.

१९००च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं होतं. पण आपण निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशातून आणतो. ताजं तेल इंजिनात जाळणं मला पटत नाही. बायोडिझेलसाठी मोगली एरंडाचा गाजावाजा झाला, पण पडीक जमिनीत अपेक्षेइतकं बी धरलं नाही. जळकं तेल मात्र रोज तयार होतं आणि त्याला गुंठाभरही जमीन लागत नाही.

२०३०पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेल मिसळायचं, हे देशाचं उद्दिष्ट आहे. अडतं ते गोळा करण्यापाशी. रोज पन्नास लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्यांना त्याची नोंद ठेवावी लागते; घरगुती खाणावळ त्यात येत नाही, आणि तिच्या पाच लिटरसाठी गाडी कशी परवडणार? म्हणून राजोडीतल्या शेजारच्या खाणावळींनी मिळून एक पिंप ठेवावं, असं मी आग्रहानं सांगेन. तेल पूर्ण थंड होऊ द्या, गाळा, त्यात पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका. नेणाऱ्याची नोंदणी विचारा, पावती घ्या. पावती न देता लिटरमागे चार रुपये जादा देणारा आला, तर तो हे तेल कुठं नेणार, हे त्याला तोंडावर विचारा.