जीर्णोद्धाराचे काम कोणास द्यावे?



आपल्या सभामंडपाच्या जीर्णोद्धारासाठी लवकरच निविदा येतील, आणि सर्वांत कमी दराची निविदा पत्करण्याचा मोह होईल. पैसा देवाचा, तेव्हा काटकसर हवीच. परंतु जुन्या वास्तूच्या बाबतीत कमी आकडा पुष्कळदा अपुऱ्या पाहणीतून आलेला असतो. चिऱ्याच्या भिंती व चुन्याचा गिलावा ज्याने कधी हाताळला नाही, तो चुना खरवडून सिमेंट थापतो. मग भिंतीतली ओल बाहेर पडू शकत नाही आणि काही पावसाळ्यांत चिरा झिजू लागतो.

केंद्रीय अर्थखात्यानेही 2021 साली विशिष्ट कामांपुरती, दराबरोबर गुणवत्तेला 30 टक्क्यांपर्यंत वजन देण्याची मुभा दिली. आपणांस एवढे गणितही नको. ठेकेदाराने पूर्वी बांधलेले देवालय ऐन आषाढात पाहावे आणि तेथील पुजाऱ्यास विचारावे, छप्पर गळते का? गवंडी त्याचे नेहमीचे की आयत्या वेळी जमविलेले, हेही विचारावे. कामाचे मोजमाप व साहित्य निविदेपूर्वीच लिहून द्यावे; नाहीतर प्रत्येकाचा दर निराळ्याच कामाचा असतो आणि पुढे ‘जादा काम’ या सदराखाली बिल फुगते. अखेरच्या हप्त्यातील काही रक्कम एक पावसाळा सरेपर्यंत राखून ठेवण्याची अट करारात असावी.

आता एक नाजूक गोष्ट. निविदाकारांत एखाद्या महाजनाचा आप्त असेल, तर निर्णयाच्या वेळी त्या महाजनाने सभेतून उठावे. आप्तास काम मिळाले, तरी मग मागाहून कुजबुज होत नाही.