तालाचा कान, सुराचा कान



दिल्लीच्या ‘ब्लडीवुड’ या बँडचा ‘नु दिल्ली’ हा अल्बम २१ मार्च २०२५ रोजी बाहेर आला आणि त्याच्या श्रोत्यांत सरळ दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की, बँडला आपली ताकद कशात आहे ते नेमके उमगले आहे. गाणी आटोपशीर झाली आहेत, आणि पंजाबी ढोल व जड गिटार यांची जोडी आता कुठे खऱ्या अर्थाने जमली आहे. दुसरा तट म्हणतो, २०२२ च्या ‘रक्षक’मध्ये जे ऐकले तेच पुन्हा समोर आले. बासरीची एक ओळ, मग ढोल, मग गिटारचा मारा, गुरगुरता आवाज, रॅप आणि फिरून तीच बासरी. नोएडा, दिल्ली, गुरुग्राम या सगळ्या पट्ट्याला हा बँड घरचा वाटतो, म्हणून इथे हा वाद अधिक हिरिरीने होतो. मला वाटते, दोन्ही तट खरे बोलत आहेत. ते एकाच अल्बमचे दोन वेगळे भाग ऐकत आहेत. एकाचा कान तालाकडे आहे, दुसऱ्याचा सुराकडे. तालाच्या बाजूने हा अल्बम ‘रक्षक’च्या पुढे गेला आहे आणि सुराच्या बाजूने तो जिथल्या तिथे राहिला आहे. हे नीट उलगडले तर भांडणाचा बराचसा भाग आपोआप सुटतो.

ज्यांनी हे संगीत ऐकलेले नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. २०१६ च्या सुमारास करण कटियार आणि जयंत भदुला या दोघांनी लोकप्रिय गाण्यांची हेवी मेटल रूपे करून सुरुवात केली. पुढे रॅप करणारा राऊल केर त्यांना येऊन मिळाला. २०१९ मध्ये ते जर्मनीतल्या वाकेनच्या प्रसिद्ध मेटल महोत्सवात वाजवून आले. ‘नु दिल्ली’ काढला तो फिअरलेस रेकॉर्ड्स या अमेरिकन कंपनीने. ‘ऑगस्ट बर्न्स रेड’सारख्या मेटलकोर बँडचे अल्बम याच कंपनीने काढलेले आहेत. ब्लडीवुडला कोणी लोक-मेटल म्हणते, कोणी न्यू-मेटल, कोणी मेटलकोर. या नावांच्या वादात मी शिरत नाही, पण मेटलकोरकडून आलेली एक गोष्ट या गाण्यांच्या मुळाशी आहे आणि तिला ‘ब्रेकडाउन’ म्हणतात. हार्डकोर पंक आणि मेटल यांच्या मिलाफातून मेटलकोर जन्मले. त्यात गाणे वेगाने धावत असताना एकाएकी लय निम्मी झाल्यासारखी वाटते. गिटारच्या तारा नेहमीपेक्षा खालच्या सुरात लावलेल्या असतात; वादक तळहाताच्या कडेने तारा दाबून धरतो, त्यामुळे स्वर लांबत नाही, नुसता ठोका उरतो. हा प्रत्येक ठोका ड्रमच्या पायाच्या ठोक्याबरोबर तंतोतंत पडतो. म्हणजे ऐन भरात या संगीतात गिटार हे तालवाद्य बनते आणि सूर जवळजवळ बाजूला सरतो. समोरची गर्दी उसळते ती याच जागी.

आता या जागी ढोल आणून ठेवला तर काय होते ते पाहा. आपल्याकडच्या ढोल-ताशा पथकातला ढोल एका बाजूने टिपरूने आणि दुसऱ्या बाजूने हाताच्या थापेने वाजतो, आणि वरची तडतड सांभाळायला ताशा वेगळा असतो. पंजाबी ढोलात ही दोन्ही कामे एकाच वाद्याला करावी लागतात. जाड, वाकड्या काठीने घुमणारी बाजू वाजते आणि छडीसारख्या बारीक काठीने, म्हणजे तिल्लीने, दुसऱ्या बाजूची कडक पुडी. ध्वनिमुद्रणात खरी अडचण घुमणाऱ्या बाजूची असते. ड्रमचा पायाचा ठोका, बास गिटार, खाली उतरवलेली गिटार आणि ढोलाचा घुमारा हे चौघेही आवाजाच्या तळाशी एकाच जागेसाठी झगडतात. काळजी घेतली नाही तर चौघांचा चिखल होतो आणि ढोल आहे म्हणून नुसते सांगावे लागते, ऐकू येत नाही. ‘नु दिल्ली’ची करामत मला या जागी दिसते. घुमारा ड्रमच्या ठोक्यात मिसळू दिला आहे आणि तिल्लीची टणक तडतड गिटारच्या भिंतीवर मोकळी सोडली आहे. त्यामुळे ब्रेकडाउनमध्ये लय जड होते तेव्हाही वरची चाल दुडकी राहते. अंग दोन वेगांनी हलू पाहते. ‘हल्ला बोल’ आणि शीर्षकगीत या दृष्टीने ऐकावे. मेटलची नक्कल करणाऱ्याला किंवा मेटलवर नुसता ढोल चिकटवणाऱ्याला हे साधत नाही. मंचावर सार्थक पाहवा ढोल वाजवतात तेव्हा ते शोभेसाठी उभे नसतात; ढोल काढून घेतला तर गाण्याचा सांगाडाच बदलेल. तालाच्या कानाने ऐकणारे खूश आहेत ते यासाठी, आणि त्यांचे खूश होणे रास्त आहे.

सुराच्या बाजूला मात्र असे काही घडत नाही. बासरी किंवा तंतुवाद्याची एक छोटी, लक्षात राहणारी ओळ सुरुवातीला येते, गिटार तीच ओळ उचलते, पुढे ती ओळ परत येते आणि गाणे संपते. ती ओळ वाढत नाही. तिला वळण मिळत नाही, दुसऱ्या सुरावर न्यास करून ती नवे काही सांगत नाही. ज्याने गावातला भजनी गवई किंवा लग्नातला सनईवाला जरी कान देऊन ऐकला आहे, त्याला माहीत असते की आपल्या संगीतात ओळ मांडणे हा आरंभ असतो आणि ती फुलवणे हे खरे काम. एखाद्या गाण्यात फुलवले नाही तर बिघडत नाही. पण अल्बममधल्या आठपैकी बहुतेक गाण्यांत तोच रिवाज दिसला की श्रोता ‘हे ऐकले आहे’ म्हणतो, आणि त्याचे चूक नाही. अल्बम अर्ध्या तासाच्या आसपासचा आहे म्हणून हे जाणवायला वेळ लागतो, एवढेच. याला एक अपवाद मला दिसतो तो ‘बेखौफ’चा. जपानच्या ‘बेबीमेटल’च्या गायिकांचे उंच, स्वच्छ स्वर भदुलांच्या खरखरीत आवाजासमोर येतात आणि सुराची बाजू काही क्षण खरीच बदलते. तो बदल पाहुण्यांनी आणला, घरातून उगवला नाही, हे मात्र नोंदवले पाहिजे.

दोन कानांचा हा झगडा आपल्याला नवा नाही. इंग्रज संगीतकार जॉन फौल्ड्स इथेच, दिल्लीच्या ऑल इंडिया रेडिओत पाश्चात्त्य संगीत विभाग सांभाळत होते, तेव्हा त्यांनी हार्मोनियमविरुद्ध जोरदार लेखन केले आणि मार्च १९४० पासून नभोवाणीवर हार्मोनियमला बंदी झाली. ती सैल व्हायला १९७० चे दशक उजाडावे लागले. आक्षेप सुराचा होता, आणि तो खरा होता. ठरावीक पट्ट्यांच्या पेटीतून मींड निघत नाही आणि श्रुतींचे बारीक अंतर दाखवता येत नाही. पण त्याच काळात मराठी रंगभूमीवर पेटी आणि ऑर्गन यांच्यावाचून नाट्यपद उभे राहत नव्हते, आणि गोविंदराव टेंबे यांनी पेटीवर मिळवलेली मान्यता महाराष्ट्राला ठाऊक होती. नाटकाच्या प्रेक्षकाला गायकामागे भरीव आधार हवा होता, आणि पेटी तो देत होती. बंदी घालणारे आणि पेटीवर प्रेम करणारे आपापल्या जागी बरोबर होते. चूक झाली ती एका मागणीचे माप दुसऱ्या मागणीला लावण्यात. ‘नु दिल्ली’विषयी आज तेच होते आहे.

या दोन कानांपैकी कोणता जागा होणार हे पुष्कळदा श्रोत्याच्या आवडीवर ठरत नाही, तो कशावर ऐकतो यावर ठरते. नोएडातला तरुण श्रोता हा अल्बम बहुधा मेट्रोच्या ॲक्वा लाइनच्या डब्यात, ऑफिसला जाता-येता, स्वस्त इअरफोनवर किंवा खोलीत मोबाइलच्या स्पीकरवर ऐकतो. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून तळाचा आवाज बाहेरच पडत नाही. मेट्रोच्या घरघरीत इअरफोनचाही तळ बुडून जातो. म्हणजे ज्या अर्ध्यात या अल्बमची कमाई आहे तो अर्धा गळून पडतो आणि वरची बासरीची ओळ तेवढी उरते, जी पुन्हा पुन्हा तशीच येते. अशा श्रोत्याला अल्बम एकसुरी वाटला नाही तरच नवल. उलट मैदानात, मोठ्या ध्वनिक्षेपकांसमोर उभा असलेला माणूस बासरी विसरतो आणि छातीवर आदळणारा ठोका घेऊन घरी जातो.

आणि मैदान मिळणे आपल्या भागात नेहमीच दुर्मिळ राहिले. अमित सैगल यांनी ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ आणि ‘ग्रेट इंडियन रॉक’ महोत्सवाच्या रूपाने दिल्लीत एक परंपरा उभी केली. २०१२ च्या जानेवारीत त्यांचे अकाली निधन झाले. त्याआधी दोन-सव्वादोन महिने, २८ ऑक्टोबर २०११ रोजी, गुरुग्राममध्ये ‘मेटॅलिका’चा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला आणि चिडलेल्या जमावाने मंचाची मोडतोड केली. ३० ऑक्टोबरला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वन शर्यत निर्विघ्न पार पडली आणि त्याच दिवशी मेटॅलिका बंगळुरूत वाजवून गेले. शर्यतीसाठी इतका मोठा खटाटोप करू शकणाऱ्या प्रदेशात जड संगीताला साजेसे, मध्यम आकाराचे, नेहमी उपलब्ध असणारे सभागृह आजही सहज सापडत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. जे संगीत उभ्याने, गर्दीत ऐकायचे, ते इथला श्रोता एकट्याने कानात बोळे घालून ऐकतो आणि त्यावर मत देतो.

यावर कोणी म्हणेल, अल्बम हा अल्बम आहे. तो ध्वनिमुद्रित वस्तू म्हणूनच विकला जातो, लोक तो कसा ऐकतात हे करणाऱ्याला ठाऊक असते, तेव्हा दोष इअरफोनवर ढकलता येणार नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच सुराच्या बाजूची उणीव मी बँडच्या खात्यावर टाकतो, श्रोत्याच्या नाही. संगीतरचना आणि निर्मिती या दोन्हींची मोठी जबाबदारी करण कटियार स्वतः पेलतात आणि बासरीही तेच वाजवतात. ज्याच्या हाती बासरी आहे त्याच्याकडून आठ गाण्यांत दोन-तीन ठिकाणी तरी मोकळा विस्तार मागणे ही जास्तीची मागणी नव्हे.

दुसरा आक्षेप आशयाचा आहे. ‘रक्षक’मध्ये द्वेषाचे राजकारण, बाईवरचा अत्याचार, नैराश्य असे विषय थेट होते, ‘दाना दन’मधला संताप तर पुढे २०२४ च्या ‘मंकी मॅन’ या चित्रपटातही ऐकू आला. आता ‘तडका’ नावाचे गाणे आपल्या जेवणाचे कौतुक करते आणि शीर्षकगीत आपल्या शहराचा रुबाब मिरवते, म्हणजे बँड मवाळ झाला, असे म्हणतात. मला हे पटत नाही. आपल्या जिभेची चव आणि आपले शहर हे विषय संतापापेक्षा हलके का मानावेत? फोडणीच्या वासाला नाके मुरडणाऱ्यांच्या देशात जाऊन त्याच फोडणीवर हजारो लोकांना ओरडायला लावणे यातही एक बाणा आहे. याच्या नेमका उलटा आरोपही होतो, की हे सारे परदेशी गिऱ्हाइकासाठी मांडलेले भारतीयपण आहे. ढोल जर नुसता रंग म्हणून आला असता तर मी हा आरोप मान्य केला असता. तो सांगाड्यात आहे हे वर दाखवलेच, आणि सांगाडा कोणी पाहुण्यांसाठी बांधत नाही.

राहिला प्रश्न ‘नवे काय’ हा. बदलले तरी बोलणी आणि न बदलले तरी बोलणी, अशी या क्षेत्राची रीत आहे. इंग्लंडच्या ‘ब्रिंग मी द होरायझन’ने २०१९ च्या ‘आमो’मध्ये मेटलकोरचा भार कमी करून पॉपकडे वळण घेतले, अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला आणि जुन्या चाहत्यांनी पाठ फिरवली. दिल्लीच्याच ‘स्कायहार्बर’चा २०१८ चा ‘सनशाइन डस्ट’ नव्या गायकासह आला तेव्हा जुन्या आवाजाची आठवण काढणारे पुष्कळ होते. म्हणून बदलाच्या मापाने अल्बम मोजणे मला अपुरे वाटते. दोन परंपरा एकत्र आल्या तर त्यांचा सांधा कुठे पक्का आणि कुठे कच्चा, हे पाहिले की मत कशावर टेकवायचे ते तरी कळते.

म्हणून दोन्ही तटांच्या श्रोत्यांना माझी विनंती आहे. ‘नु दिल्ली’ एकदा बऱ्या स्पीकरवर लावा, शेजाऱ्यांना त्रास होणार नाही अशा वेळी, आणि पहिल्या खेपेला फक्त तिल्लीच्या मागे जा. दुसऱ्या खेपेला फक्त बासरीच्या. मराठी मंडळींपैकी ज्यांनी पथकात ढोल किंवा ताशा वाजवला आहे त्यांनी तर जरूर ऐकावे, कारण ठोक्यांची ही वाटणी त्यांच्याइतकी चटकन दुसऱ्या कोणाच्या लक्षात येणार नाही. त्यांचे मत माझ्याहून वेगळे पडले तर ते त्यांनी जरूर लिहून कळवावे.