शोकेसमधली पांढरी वाइन



तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात बोटीवर नोकरी करणारे लोक कमी नाहीत. सुट्टीवर येताना ते बाटली आणतात. व्हिस्की आठवड्याभरात संपते. इटलीची पांढरी वाइन मात्र शोकेसमध्ये उभी राहते, वर्षानुवर्षं. ‘राहू दे, जितकी जुनी तितकी भारी’ असं कुणी तरी सांगितलेलं असतं. हे सांगणाऱ्याने बहुधा फ्रान्सच्या महागड्या लाल वाइनबद्दल ऐकलेलं असतं.

लाल वाइन द्राक्षांच्या सालीसकट आंबवतात. सालीतलं टॅनिन तिला हवेपासून जपतं. पांढरीसाठी बहुतेक वेळा रस आधीच गाळून घेतात, त्यामुळे तो आधार तिला फारसा नसतो. त्यातून स्वस्त वाइन बनवतात तीच वर्षा-दोन वर्षांत पिण्यासाठी. रोमजवळची फ्रास्काती घ्या. तिच्यात मुख्यतः माल्वासिया द्राक्षं असतात आणि जोडीला त्रेब्बियानो. माल्वासिया सुगंध देतं, त्रेब्बियानो आंबटपणा. वय झालं की सुगंध आधी जातो, आंबटपणा मागे उरतो. म्हणून जुनी फ्रास्काती पोकळ लागते.

आपल्या किनाऱ्यावर हे आणखी लवकर घडतं. वाइन दहा-तेरा अंशांवर, अंधारात ठेवायची असते. शोकेसवर दुपारचं ऊन येतं आणि मे महिन्यात खोलीतच तीस अंशांच्या वर तापमान जातं. माडी उतरणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. सकाळची गोड माडी उन्हात संध्याकाळपर्यंत आंबट होते, पुढे तिचं व्हिनेगर होतं. वाइन तोच रस्ता सावकाश चालते, इतकंच.

म्हणून बाटली फेकू मात्र नका, आधी चाखा. दोन तास फ्रिजमध्ये ठेवा, मग दहा मिनिटं बाहेर, कारण फार गारठलेल्या वाइनचा वास लपतो. ग्लास पांढऱ्या कागदासमोर धरा. फिकट पिवळा रंग ठीक, सोनेरीही चालेल. चहाच्या रंगाकडे झुकली असेल तर आशा सोडा. मग हुंगा. मध, सुकं फळ, बदाम असा वास आला तर ती सन्मानाने म्हातारी झाली आहे. कापून ठेवलेल्या, काळपट पडलेल्या सफरचंदाचा वास म्हणजे हवा लागली. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर दोष बुचाचा. शेवटी घोट तोंडात फिरवून गिळा. चव लगेच विझते की थोडी रेंगाळते, ते पाहा. माझ्या मते हीच खरी कसोटी.

अशी थकलेली वाइन तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या तिखल्याबरोबर पिऊ नका, तिचा पत्ताच लागणार नाही. साधी तळलेली सुरमई पुरे.

नवी घ्यायची तर नाशिकची शेनिन ब्लाँ किंवा सोव्हिन्यों ब्लाँ पाहा. तिथे द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये खुडतात, इटलीत सप्टेंबरच्या आसपास. म्हणजे लेबलावर साल एकच असलं, तरी नाशिकची बाटली सहा-आठ महिन्यांनी मोठी. दुकानदार हे सांगत नाही. साल स्वतः वाचा, आणि उन्हात मांडलेली बाटली घेऊ नका.

शोकेसमधल्या जुन्या वाइनला व्हिनेगरचा वास नसेल, नुसतीच ती बेचव झाली असेल, तर तेलात लसूण परता, तिसऱ्या टाका, वर अर्धी वाटी वाइन ओता आणि झाकण ठेवा. शिंपले उघडले की उतरवा. इटलीतले कोळीही तेच करतात.