स्टेंट बसला, विडीचं काय?



शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. पण छातीत कळ आली आणि अँजिओप्लास्टीची वेळ आली, की आसनगावहून लोकल किंवा मुरबाडहून कल्याणची गाडी धरून ठाणे, कळवा, नाहीतर थेट परळ गाठावं लागतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे हा खर्च आता पुष्कळ घरांना झेपतो, ही फार मोठी गोष्ट झाली. स्टेंट बसतो, माणूस गोळ्यांची पिशवी घेऊन पाड्यावर परत येतो. विचारपूस करायला आळीतली माणसं ओटीवर जमतात आणि त्यांतलंच कुणीतरी, अगदी मायेनं, त्याच्यापुढे विडी धरतं.

त्या वेळी त्याच्या मदतीला कोण असतं, याविषयी मला आज बोलायचं आहे.

डॉक्टरांनी ‘विडी सोडा’ असं सांगितलेलं असतंच. पण रक्तदाब वाढला तर आपण रुग्णाला नुसतं ‘रक्तदाब कमी करा’ असं सांगून पाठवत नाही. गोळी देतो, महिन्यानं बोलावतो, पुन्हा मोजतो. तंबाखूचं व्यसन हाही आजारच आहे. पहाटे उठल्याबरोबर पहिली विडी लागणाऱ्या माणसाच्या मेंदूला निकोटिनची सवय झालेली असते. ती तोडली की चिडचिड होते, झोप उडते, कामात मन लागत नाही. पहिला आठवडा सर्वांत अवघड. त्या आठवड्यात त्याला एकटं सोडायचं आणि महिन्यानं ‘तुमच्यात जिद्दच नाही’ म्हणायचं, हा मला अन्याय वाटतो.

सोडल्यानं फायदा किती, तेही ऐका. हृदयविकार झालेल्यांवरच्या वीस अभ्यासांचा एकत्रित आढावा २००३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी धूम्रपान सोडलं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण, न सोडणाऱ्यांच्या तुलनेत, ३६ टक्क्यांनी कमी आढळलं. आपण ज्या महागड्या गोळ्या नेमानं घेतो, त्यांच्या तोडीचा हा गुण आहे. ‘मी आता दिवसाला एक-दोनच ओढतो’ असंही पुष्कळ जण समाधानानं सांगतात. त्यांना सांगायला हवं, की दिवसाला वीस सिगारेटींमुळे हृदयविकाराचा धोका जेवढा वाढतो, त्याच्या जवळजवळ निम्मी वाढ दिवसाच्या एका सिगारेटीनंही होते. २०१८ साली हे पुढे आलं. कमी करणं ही पायरी असू शकते, तिथं थांबून चालत नाही.

आता मशेरीकडे, म्हणजे भाजून दातांना लावायच्या तंबाखूकडे येतो, कारण आपल्याकडे खरी गोम तिथं आहे. २०१६-१७ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करतात आणि २४.४ टक्के तंबाखू खातात, चघळतात किंवा दातांना लावतात. म्हणजे इस्पितळात ‘विडी-सिगारेट ओढता का?’ एवढंच विचारलं तर बहुतेकांचं, आणि बायकांचं तर जवळपास सगळ्यांचं, उत्तर ‘नाही’ असंच येणार. शिवाय विडी सोडलेला माणूस चुना-तंबाखूकडे वळतो आणि घरच्यांना वाटतं, सुटली एकदाची. ५२ देशांतल्या हृदयविकाराच्या रुग्णांचा मोठा अभ्यास २००६ साली छापून आला. त्यात विडी ओढणाऱ्यांना हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता सुमारे तिप्पट आणि नुसती तंबाखू चघळणाऱ्यांना दुपटीहून जास्त दिसली. तेव्हा प्रश्न ‘तंबाखू कोणत्या रूपात घेता?’ असाच विचारला पाहिजे, आणि तो घरातल्या बाईलाही विचारला पाहिजे.

हा प्रश्न गावात विचारला जातो, हे विशेष. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी आशाताई जो तपासणी-फॉर्म भरतात, त्यात तंबाखूचा रकाना आहे. कधीच न घेणाऱ्याला शून्य गुण, पूर्वी घेणाऱ्याला किंवा अधूनमधून घेणाऱ्याला एक, रोज घेणाऱ्याला दोन. एकूण गुण चारच्या वर गेले की त्या माणसाची तपासणी आधी करायची. म्हणजे धसईच्या किंवा डोळखांबच्या बाजूच्या वाडीत कोण रोज तंबाखू घेतं, याची नोंद सरकारी कागदावर होण्याची सोय आहे. माझं म्हणणं एवढंच, की त्या दोन गुणांच्या पुढे उपचार सुरू झाला पाहिजे. त्याच फॉर्मचा धागा धरून आरोग्य उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यानं स्टेंट बसलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात दोनदा आणि मग महिनाभर आठवड्याला एकदा भेटावं, नाहीतर फोन करावा. आशाताईंना या कामाचा वेगळा मोबदला मिळावा. आधीच वाकलेल्या खांद्यांवर फुकटचं ओझं नको.

औषधंही आहेत. निकोटिनचं च्युइंगगम आणि पट्ट्या यांचा समावेश २०२२ साली देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत झाला. हृदयरोग्याला निकोटिन कसं चालेल, अशी शंका येते आणि ती रास्त आहे. पण विडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या प्राणवायूची जागा अडवतो आणि धुरामुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढते. हा धूर च्युइंगगममध्ये नसतो. मात्र नुकताच झटका आला असेल तर डॉक्टरांना विचारूनच ते सुरू करावं. जागतिक आरोग्य संघटनेनं जुलै २०२४ मध्ये प्रौढांच्या तंबाखूमुक्तीसाठी पहिली उपचार-मार्गदर्शिका काढली. तिचंही सांगणं हेच, की औषध आणि समुपदेशन जोडीनं द्यावं. ही औषधं प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात पोचली पाहिजेत. रोजंदारीवरच्या माणसाला ती दुकानातून विकत घेणं परवडणार नाही.

एक अडचण खास आपल्या भागातली. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर भिवंडी-कल्याणकडे निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. गावातली आशाताई तिथं कशी पोचणार? म्हणून रुग्णाचा कागद त्याच्याबरोबर जायला हवा आणि भट्टीच्या जवळच्या उपकेंद्रानं तो पुढे चालवायला हवा. फोनवरची मदतही अशा वेळी कामी येते. तंबाखू सोडण्यासाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा निःशुल्क क्रमांक १ सप्टेंबर २०१८ पासून तंबाखूच्या पाकिटांवर छापला जातो. पण पानटपरीवर सुटी विडी घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतच नाही. तो क्रमांकही दिसत नाही, चित्रातला इशाराही नाही. महाराष्ट्रानं सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी-विड्यांच्या विक्रीवर बंदी घातली. ती म्हसाच्या यात्रेत आणि कसाऱ्याच्या नाक्यावर पाळली गेली, तर सर्वांत जास्त उपयोग नव्यानं सोडलेल्या माणसाला होईल. कारण एक विडी घ्यायला त्याला एक नाणं पुरतं, अख्खा बंडल घ्यायचा तर दोनदा विचार करावा लागतो.

आपल्या घरी कुणी इस्पितळातून परत येणार असेल तर डिस्चार्ज घेताना डॉक्टरांना विचारा: तंबाखू सोडण्यासाठी कोणतं औषध देता आणि पुढे कुणाकडे जायचं? उत्तर कागदावर लिहून घ्या आणि तो कागद उपकेंद्रात दाखवा. भेटायला येणाऱ्यांना ओटीवर विडी-तंबाखू काढू नका म्हणून आधीच सांगून ठेवा. घरात मशेरी भाजली जात असेल तर तीही त्याच दिवशी बंद करा. आणि हा क्रमांक लिहून घ्या: १८००-११-२३५६. पुन्हा सांगतो, १८००-११-२३५६. फोनला पैसे पडत नाहीत.