रविवारची संध्याकाळ

रविवारी दिवेलागणीला पोटात गोळा येतो, साहेबांचा फोन वाजला की तळहाताला घाम सुटतो, डबा न उघडताच घरी परत येतो. असं महिनोन्‌महिने चाललं असेल, तर त्याला आळस म्हणू नका. कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या या शिणवट्याला ‘बर्नआउट’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तो आपल्या आजारांच्या वर्गीकरणात नोंदवला. आजार म्हणून नव्हे, कामाशी निगडित स्थिती म्हणून. म्हणजे दोष माणसात शोधण्याआधी कामाकडे बघायला हवं.

नोकरी सोडायचं ठरलं, तरी रागाच्या भरात राजीनामा देऊ नका. नेमणूकपत्र काढा, नोटिशीची मुदत वाचा. घराचा हप्ता, मुलांची फी मांडून काही महिन्यांची तजवीज करा. पण झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर हिशेब नंतर, आधी डॉक्टर. आणि घरच्यांनो, ‘जरा सहन कर’ म्हणण्याआधी त्या माणसाचं पूर्ण ऐकून घ्या.

टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेवर चोवीस तास, मोफत, मराठीतूनही बोलता येतं. क्रमांक लिहून घ्या : १४४१६.